वहिनींच्या कंप्युटरचा वेग

निवृत्त माणसाने घरातल्या चालू वस्तूकडे टक लावून पाहू नये. बंद वस्तूकडे खुशाल पाहावं. ती आधीच बंद आहे, तिचं आणखी काय वाकडं होणार? पण चालू वस्तूवर निवृत्त माणसाची नजर पडली की तिचे दिवस भरले म्हणून समजावं. वहिनींच्या कंप्युटरवर भाऊसाहेबांची नजर पडली ती निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात. हातात चहाचा कप होता आणि पुढे अख्खा दिवस आडवा पसरलेला होता.

भाऊसाहेब कचेरीत हेडक्लार्क होते. सगळी इमारत त्यांना भाऊसाहेब म्हणे, त्यामुळे त्यांची बायको ओघानेच वहिनी झाली. वहिनी घरच्या घरी पंचिंगचं काम करायच्या. शाळेच्या गणवेशावर छातीशी बिल्ला शिवलेला असतो, त्यावर धाग्याने काढलेलं चित्र असतं. ते चित्र आधी कोणीतरी टाक्याटाक्याने कंप्युटरवर आखावं लागतं: कुठला धागा कुठून निघेल, कुठे वळेल, कुठे तुटेल. त्या आखणीला म्हणायचं पंचिंग. वहिनी ती आखायच्या, मग एक बटण दाबायच्या, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला असलेलं भरतकामाचं मशीन खटखट करत कापडावर कंदील, उघडं पुस्तक नाहीतर उगवता सूर्य काढायला लागायचं. कुठल्याही शाळेला या तिन्हींपैकी एक तरी लागतंच, त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

कंप्युटर जुना होता. पण घरगुती नव्हे. एका कापड कारखान्याच्या डिझाईन खात्यात तो पूर्वी 'वर्कस्टेशन' या हुद्द्यावर होता, आणि कारखाना बंद पडला तेव्हा वहिनींनी तो घरी आणला होता. आकाराने लहानशा कपाटाएवढा, रंगाने जुन्या दातांसारखा. त्याच्या पोटात हातभर लांबीचं एक कार्ड होतं आणि भरतकामाच्या मशीनची वायर त्या कार्डातून निघायची. इतक्या वर्षांत तो कधी रुसला नाही, कधी आजारी पडला नाही. फक्त सावकाश होता. एक टाका बदलला तरी सबंध चित्र पडद्यावर पुन्हा पहिल्यापासून, रेघ रेघ करत उमटायचं, आणि तेवढा वेळ वहिनी थांबायच्या.

"अगं, तू दिवसभर नुसती वाट बघत बसतेस," भाऊसाहेब कप खाली ठेवत म्हणाले.

"मी कुठे वाट बघते? मी मटार सोलतेय."

"तेच म्हणतो मी. चित्र उमटेपर्यंत मटार सोलतेस. परवा लेकीला फोन लावलास. काल तर नुसती खिडकीबाहेर बघत होतीस."

"मग त्यात काय बिघडलं?"

काही बिघडलं नव्हतं. पण भाऊसाहेबांना एकदम भरून आलं. आपण कचेरीत पंख्याखाली बसून होतो, आणि ही बिचारी इथे या ठोकळ्यासमोर ताटकळत होती. आता आपल्याला वेळ आहे, तेव्हा हिच्यासाठी काहीतरी करावं. निवृत्त माणसाच्या मनात असा विचार आला की घरच्यांनी खरं तर दाराला कुलूप लावून गावाला जावं. वहिनींनी फक्त एवढंच म्हटलं, "त्याला हात लावू नका हं. तो चालतोय."

"चालतोय तोवरच सुधारणा करायची असते," भाऊसाहेब म्हणाले. हे वाक्य त्यांच्या साहेबांचं होतं. साहेबांनी हे म्हटल्यावर कचेरीचं काय झालं होतं, ते त्यांना त्या वेळी आठवलं नाही.

कुठलंही काम हाती घेण्याआधी शेजाऱ्यांना सांगायचं, हा मध्यमवर्गीय माणसाचा जुना रोग आहे. वरच्या मजल्यावर पूलवाले राहतात. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, त्यामुळे जगातली प्रत्येक अडचण ते वजनात मोजतात. कंप्युटरचं झाकण काढून ते आत बघत राहिले आणि म्हणाले, "लोड. सगळा लोडचा प्रश्न आहे. रॅम वाढवा." तळमजल्यावर होमिओपॅथी डॉक्टर आहेत. त्यांना नुसतं वर्णन ऐकूनच कळलं. "घाई नको. आधी त्याची मूळ प्रकृती समजून घ्या," ते म्हणाले, "आणि सुरुवातीला त्रास वाढला तर घाबरू नका. ते चांगलं लक्षण असतं." या दोघांत डॉक्टरांचंच भाकीत पुढे खरं ठरलं, म्हणजे त्याचा पहिला अर्धा भाग.

बाजारातल्या कंप्युटरवाल्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. तो कानावर स्क्रू ड्रायव्हर ठेवून बसायचा, आणि कसलाही आजार ऐकला की एकच उत्तर द्यायचा: "होऊन जाईल, काका." भाऊसाहेबांना हे 'काका' फार लागलं. आयुष्यभर 'साहेब' ऐकलेल्या कानांना 'काका' म्हणजे बढती रद्द झाल्यासारखंच. पण गरजवंताला अक्कल नसते, आणि मानही नसतो.

रॅमने सुरुवात झाली. कंप्युटरवाल्याने जुनी रॅम काढून उजेडात धरली, कौतुकाने पाहिली आणि म्हणाला, या जातीची आता मिळत नाही. हरकत नाही, चित्र सावकाश उमटतं ना? मग ग्राफिक्स कार्ड बदलू. नवं कार्ड आलं. त्याच्या खालच्या कडेला सोनेरी दात होते, आणि ते दात ज्या खाचेत बसायला हवेत तशी खाच जुन्या मदरबोर्डावर नव्हती. होती ती आखूड, आणि तिची फट भलत्याच जागी. भाऊसाहेबांनी कार्ड उलटं करून पाहिलं. पूलवाल्यांनी ते आडवं करून पाहिलं, थोडा दाबही देऊन पाहिला. कंप्युटरवाल्याने त्यांच्या हातातून ते हळूच काढून घेतलं आणि म्हणाला, "मदरबोर्ड बदलू. होऊन जाईल."

मदरबोर्ड बदलायचा म्हणजे घर पायापासून बांधायचं. नव्या मदरबोर्डाला वीज पुरवायला जुना पॉवर सप्लाय चालेना, कारण नव्याच्या तोंडाला जास्त टोकं होती. नवा पॉवर सप्लाय आणला तर त्याचे स्क्रू जुन्या पेटीच्या भोकांशी जुळेनात. म्हणून नवी पेटी आली, काळी, बाजूला काच असलेली आणि आतून निळा उजेड पडणारी. त्या उजेडाचं काम काय, असं भाऊसाहेबांनी विचारलं तेव्हा कंप्युटरवाला म्हणाला, "छान दिसतं." भरतकाम करणाऱ्या बाईच्या खोलीत तो उजेड पडला की खोली दातांच्या दवाखान्यासारखी दिसायची.

या भानगडीत वहिनींचं काम थांबलं होतं. आणि काम साधंसुधं नव्हतं. एका मोठ्या शाळेने आपलं बोधचिन्ह बदललं होतं. बोधचिन्ह ठरवायला समिती नेमली होती, समितीत एकमत झालं नाही, म्हणून घुबड, कंदील, पुस्तक आणि उगवता सूर्य असं सगळंच एका बिल्ल्यात घातलं होतं. शाळा उघडायच्या आत प्रत्येक मुलाच्या खिशावर ते घुबड बसायला हवं होतं. काम देणारा गणवेशवाला दर दोन दिवसांनी दारात येऊन उभा राहायचा.

"वहिनी, घुबडाचं कसं काय?"

वहिनी भाऊसाहेबांकडे बघायच्या. भाऊसाहेब म्हणायचे, "होऊन जाईल." हे आपण कोणाकडून उचललं, ते मग त्यांच्या लक्षात यायचं.

नवी पेटी बसवायच्या आदल्या दिवशी दुकानात कंप्युटरवाला सहज म्हणाला, "काका, जुना मदरबोर्ड एक्स्चेंजमध्ये देताय का? थोडं कमी करतो." इथे दुसरा कोणी असता तर थांबला असता. पण भाऊसाहेबांच्या घरची रीत वेगळी होती. त्या घरातून कुठलीही जुनी वस्तू फुकट बाहेर गेलेली नाही. जुनी सायकल देऊन पंखा आला होता, पंखा देऊन मिक्सर, आणि मिक्सर देऊन जो मिक्सर आला तो जुन्यापेक्षा वाईट निघाला, पण बदल्यात आला याचंच समाधान होतं. जुनी वस्तू नुसती ठेवून देणं म्हणजे उधळपट्टी, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यांनी क्षणाचाही विचार न करता बोर्ड देऊन टाकला, आणि वर जुना पॉवर सप्लायही घालून आणखी थोडं कमी करून घेतलं. घरी येताना ते शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी सगळं जोडून झालं. पंखे फिरले, निळा उजेड पडला, पडदा डोळ्याचं पातं लवायच्या आत उजळला. पूलवाल्यांनी भाऊसाहेबांचा हात हातात घेऊन दाबला. कंप्युटरवाला हत्यारं गोळा करायला खाली वाकला आणि त्याच्या हाताला काहीतरी लागलं. ते हातभर लांबीचं जुनं कार्ड होतं, ज्यातून भरतकामाच्या मशीनची वायर निघायची.

"हे एक उरलं की," तो म्हणाला.

त्याने ते कार्ड नव्या मदरबोर्डावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. अनोळखी गावात घर शोधणारा माणूस जसा प्रत्येक दारावरची पाटी वाचत जातो, तसं ते कार्ड एकेका खाचेशी थांबलं आणि पुढे गेलं. या लांबीची खाच त्या बोर्डावर नव्हतीच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात. इथे शेपटालाच तर मशीन बांधलेलं होतं.

"ही खाच बंद होऊन जमाना झाला, काका," कंप्युटरवाला म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने पुढे 'होऊन जाईल' म्हटलं नाही.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर भाऊसाहेबांना उलट बोलता तरी आलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आता हा पटकन चालतो, पण मशीनशी बोलत नाही."

"तात्पुरतं," भाऊसाहेब म्हणाले.

"आणि आधी सावकाश चालायचा, पण बोलायचा."

"तू तसं मांडू नकोस ना."

"मग कसं मांडू?"

भाऊसाहेब चपला घालून निघाले. जुना मदरबोर्ड परत आणायचा, जुन्या पेटीत बसवायचा आणि कानाला खडा लावायचा, असं त्यांनी वाटेत ठरवलं. नवीन सामान परत घ्यायला कंप्युटरवाला तयार नव्हता, पण जुना बोर्ड द्यायला तयार होता. त्याने मोठ्या मनाने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे भाऊसाहेबांचा मदरबोर्ड लटकत होता, आणि त्याच्यावर दोन काटे फिरत होते. कंप्युटरवाल्याला मोकळ्या वेळात जुन्या बोर्डांची घड्याळं करायचा छंद होता. काटे बसवायला त्याने बोर्डाच्या बरोबर मध्यभागी भोक पाडलं होतं.

"वेळ एकदम बरोबर दाखवतो," तो म्हणाला.

भाऊसाहेब त्या भोकाकडे बघत राहिले. इतकं नीटनेटकं भोक त्यांनी क्वचितच पाहिलं होतं. आपलीच करणी अशी भिंतीला टांगलेली पाहायला मिळावी, असं कोणाच्या नशिबी येऊ नये. ते रिकाम्या हातांनीच घरी आले.

त्या संध्याकाळी गणवेशवाला आला, खुर्चीवर बसला आणि त्याने स्वतःच तोडगा काढला. बाजारात त्याचा स्वतःचा कारखाना होता, तिथे मशीनं होती, कंप्युटर होता, फक्त घुबड नीट आखणारं कोणी नव्हतं. वहिनींनी शाळा उघडेपर्यंत तिथे येऊन बसावं. वहिनींनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धाग्याची कात्री, चष्मा आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून निघाल्या. जाताना त्यांनी विचारलं, "माझा डबा?"

भाऊसाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. डबा हा शब्द त्यांनी आयुष्यभर ऐकला होता, पण तो कोणीतरी भरावा लागतो, इतक्या खोलात ते कधी गेले नव्हते.

आता प्रश्न फक्त कंप्युटरचा नव्हता. बायको आपल्यामुळे घरचं काम सोडून परक्या कारखान्यात जाते आहे, हे भाऊसाहेबांच्या मनाला टोचत होतं. ती परत आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत बसलेली त्यांना पाहायची होती. बाकी सगळं गेलं चुलीत. सकाळी त्यांनी भाजी करपवली, डबा भरला, आणि मग निळ्या उजेडात बसून उपाय शोधायला लागले.

उपाय सापडला. परदेशात कुठेतरी एक माणूस अशी पट्टी बनवायचा की तिचं एक टोक नव्या बोर्डाच्या खाचेत बसेल आणि दुसऱ्या टोकावर जुनं लांब कार्ड बसेल. जगात आपल्यासारखा आणखी एक तरी माणूस आहे, हे वाचून भाऊसाहेबांना गहिवरून आलं. त्यांनी ती पट्टी मागवली. ती निघाली, आली, आणि पार्सलांच्या तपासणी कचेरीत अडकली.

भाऊसाहेब निर्धास्त होते. कचेरी हा त्यांचा हातखंडा. खिडकीपलीकडच्या कारकुनाने त्यांचा अर्ज घेतला आणि मान वर न करता विचारलं, "वस्तू नवी आहे की जुनी?"

"नवी."

"कशासाठी?"

"जुनं कार्ड नव्या कंप्युटरला जोडण्यासाठी."

"म्हणजे जुन्या वस्तूचा सुटा भाग."

"नाही, भाग नवा आहे."

"पण जुन्यासाठी."

"जुन्यासाठी, पण नव्यात बसणारा."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "नवी असेल तर नव्याच्या रांगेत. जुनी असेल तर मूळ वस्तूच्या खरेदीचा पुरावा जोडा. दोन्ही असेल तर तसा रकाना नाही." आणि त्याने अर्ज काचेखालून परत सरकवला. भाऊसाहेबांचा अपमान झाला, हे खरं. पण त्याच वेळी त्यांच्या मनात कुठेतरी कौतुकही दाटून आलं. अर्ज किती सफाईने सरकवला, शब्द एकही फुकट नाही, नजर वर नाही. असा माणूस आपल्या हाताखाली मिळाला असता तर! मग आपण आता खिडकीच्या कुठल्या बाजूला उभे आहोत, ते त्यांना आठवलं.

मूळ कारखाना बंद पडलेला, त्यामुळे पुरावा कुठला? भाऊसाहेब रोज जायला लागले. डबा भरून वहिनींना द्यायचा आणि कचेरीची वाट धरायची. तिथे त्यांची बाकावर ठरलेली जागा झाली. शिपाई त्यांना पाहून पंखा लावायला लागला. घरी पूलवाले चौकशीला यायचे आणि म्हणायचे, "मी सांगितलं होतं, लोड." डॉक्टर जिन्यात गाठून म्हणायचे, "त्रास वाढलाय ना? मग आता उतार पडणार." भाऊसाहेबांना कधी नव्हे ते वाटायला लागलं की माणसाने दूर एखाद्या बेटावर एकट्याने राहावं, आणि तिथे वीजही नसावी.

वहिनी मात्र संध्याकाळी यायच्या त्या काहीतरी सांगतच. कारखान्यात काज करणारी एक बाई होती, ती सगळ्यांच्या चालीची नक्कल करायची. घुबडाचे डोळे फार रागीट आले म्हणून मुख्याध्यापकांनी परत पाठवले, मग वहिनींनी ते जरा झोपाळू केले, तर मुख्याध्यापक म्हणाले, आता आमच्या उपमुख्याध्यापकांसारखे दिसतात, असेच ठेवा. हे सांगताना वहिनी पोट धरून हसल्या. भाऊसाहेबही हसले. पण आतून त्यांना वाटलं, बिचारी आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हसते आहे. त्यांनी आणखी नेटाने कचेरी धरली.

शेवटी कारकुनाची बदली झाली आणि नव्या कारकुनाने, अजून काम शिकला नसल्यामुळे, पार्सल देऊन टाकलं.

पट्टी बसली. पट्टीवर कार्ड बसलं. मग त्या दोघांची मिळून उंची एवढी झाली की पेटीचं काचेचं झाकण लागेना. झाकण राहिलं बाजूला. मग कंप्युटर त्या कार्डाला ओळख दाखवेना. ओळख पटवायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, तो जुन्या चौकोनी फ्लॉपीवर होता, आणि फ्लॉपी घालायची फट नव्या पेटीला नव्हती. कंप्युटरवाल्याच्या दुकानातही नव्हती. अख्ख्या बाजारात नव्हती. ती निघाली तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे. ते अजून बाटल्यांवरची लेबलं एका पुरातन यंत्रावर छापायचे आणि त्या यंत्राला त्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नव्हता. प्रोग्रॅम डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने उतरवून दिला. भाऊसाहेबांनी त्या यंत्राकडे फार आदराने पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "चाललंय तसं चालू द्यावं, हेच आमचं शास्त्र." हे आधी सांगायला काय झालं होतं, असं विचारायची ताकद भाऊसाहेबांत उरली नव्हती.

आणि एका दुपारी ते झालं. भाऊसाहेबांनी बटण दाबलं, आणि इतके दिवस मुका बसलेल्या भरतकामाच्या मशीनने खट केलं, मग खटखट, आणि रुमालाच्या तुकड्यावर एक उगवता सूर्य काढून दाखवला. भाऊसाहेब त्या सूर्याकडे बघत खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खोली झाडली, वहिनींची खुर्ची पुसली, वायरी एका बाजूला बांधल्या आणि निळ्या दिव्यावर कागद चिकटवला.

संध्याकाळी वहिनी आल्या, हातपाय धुऊन खोलीत आल्या. भाऊसाहेबांनी त्यांना खुर्चीत बसवलं. "एक टाका बदलून बघ," ते म्हणाले.

वहिनींनी टाका बदलला. चित्र जागच्या जागी बदललं. आधीचं कधी गेलं आणि नवं कधी आलं, ते कळलंही नाही. वहिनींनी आणखी एक बदलला. मग मशीनवर छोटा कंदील काढून पाहिला. कंदील सुरेख आला.

"छान झालं हो," त्या म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या. "खूप खटपट केलीत."

"आता उद्यापासून तिकडे जायला नको. शाळाही उघडली. गणवेशवाल्याला मी सांगतो, काम पूर्वीसारखं घरी पाठव म्हणून."

वहिनींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मी त्यांना हो म्हटलंय. कायमचं."

भाऊसाहेबांना वाटलं, आपण नीट दाखवलं नाही. ते पुढे वाकले. "अगं, पण आता वाट बघावी लागत नाही. बघ, पुन्हा करून बघ."

"बघितलं मी. खरंच छान झालंय. पण मला तिकडे जायला आवडतं." त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "सकाळी पिशवी घेऊन निघायचं, चार माणसांत बसायचं, दुपारी सगळ्यांनी मिळून डबे उघडायचे. करपलेली भाजी असली तरी कोणीतरी आपल्यासाठी भरून दिलेला डबा असतो तो. मला कुठे माहीत होतं हे सगळं? तुम्हाला माहीत होतं."

भाऊसाहेबांनी निळ्या दिव्यावरचा कागद उगाचच पुन्हा दाबून बसवला. त्यांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना भीती वाटली, आणि इतक्या वयात भीती वाटते याची लाजही वाटली. कचेरीत खेपा घालत होतो, कंप्युटरवाल्याच्या पायऱ्या झिजवत होतो, तोवर दिवस जात होते. आता तेही संपलं. सगळं नीट झालं होतं आणि उद्या सकाळी डबा भरून झाल्यावर त्यांना जायला कुठलीही जागा नव्हती.

"मग मी काय करू दिवसभर?" ते म्हणाले. असा प्रश्न त्यांनी आजवर कोणालाच विचारला नव्हता, आणि आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत टोमणा नव्हता, तसा असता तर त्यांना सोसला असता.

"तुम्ही कचेरीत निघून जायचात, पोर शाळेत जायची," त्या म्हणाल्या, "तेव्हा मलाही रोज हाच प्रश्न पडायचा. म्हणून तर तो कंप्युटर आणला होता मी."

भाऊसाहेबांना वाटत आलं होतं की तो संसाराला हातभार म्हणून आणलाय. तसं त्यांनी चारचौघांत अभिमानाने सांगितलंही होतं.

वहिनी उठल्या. जाताना त्यांनी भाऊसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बसा तुम्ही इथे. हवं तर शिकवीन मी, रविवारी मला सुट्टी असते." मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. दिवसभराच्या कामाने त्यांना भूक लागली होती.

भाऊसाहेब वहिनींच्या खुर्चीत बसले. आतले पंखे जोरात फिरत होते, आणि पडद्यावरचा कंदील कोणीतरी काहीतरी सांगेल म्हणून तयार होऊन उभा होता. भाऊसाहेबांना सांगण्यासारखं काही सुचेना. रविवार अजून लांब होता.